कारभाऱ्याचा किल्ला

‘डून’ म्हटलं की आपल्याकडचा माणूस थेट देहरादूनला पोचतो. मी स्कॉटलंडमधल्या एका खेड्यावर पुस्तक लिहितोय असं सांगितल्यावर निम्म्या लोकांनी मला मसुरीच्या हवेबद्दल विचारलं. त्या दूनशी या डूनचा काही संबंध नाही. तिकडची दून म्हणजे डोंगरांमधलं खोरं. इकडे गेलिक भाषेत ‘डून’ म्हणजे तटबंदीची टेकडी, आपल्या भाषेत गढी. तेव्हा ज्याला आपण ‘डूनचा किल्ला’ म्हणतो, तो खरं पाहता ‘गढीगावचा किल्ला’. आज उभा असलेला किल्ला चौदाव्या शतकाच्या शेवटचा, पण नाव त्याहून जुनं. त्याच्याही पुष्कळ आधी, इसवी सन 80 च्या सुमारास, रोमन सैन्य इथवर आलं होतं. त्यांच्या ठाण्याचे अवशेष आज गावातल्या प्राथमिक शाळेच्या परिसरात जमिनीखाली आहेत.

गाव स्टर्लिंगपासून वायव्येला तेराएक किलोमीटरवर. टीथ नावाची नदी आणि आर्डोक नावाचा ओढा जिथे मिळतात, तिथल्या उंचवट्यावर किल्ला. तीन बाजूंना पाणी किंवा उतार, चौथ्या बाजूला गाव. वस्ती दोन-अडीच हजारांच्या आतबाहेर. मधोमध तिकोनी बाजारपेठ, तिच्यात जुना दगडी बाजारखांब, चारदोन दुकानं, चहाची एकदोन ठिकाणं. रेल्वे 1858 साली आली आणि 1965 साली गेली. आता बस. चुकीच्या फलाटावर उभं राहून मी ती एकदा चुकवली आणि पुढच्या बसची वाट पाहत पाऊण तास पावसात काढला, तेव्हा फलाटाचा क्रमांक आधीच विचारून घ्यावा.

स्कॉटलंडला जाणारे आपले लोक एडिंबरोचा किल्ला बघतात, स्टर्लिंगचा बघतात, लॉक नेसच्या काठावर उभं राहून फोटो काढतात आणि परत येतात. त्यात वाईट काही नाही. पण एडिंबरो आणि स्टर्लिंग ही राजांची घरं. डून हे राजाच्या भावाचं घर. जो स्वतः कधी राजा झाला नाही आणि ज्यानं जवळजवळ तीस-बत्तीस वर्षं, मधे एखाददुसरा खंड सोडला तर, राज्य चालवलं. कारभारी गादीपेक्षा मोठा झाला की काय होतं, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. पुस्तक लिहायचं ठरवलं ते या माणसामुळे.

त्याचं नाव रॉबर्ट स्ट्युअर्ट. राजा दुसरा रॉबर्ट याचा हा मुलगा, पण थोरला नव्हे. 1361 साली त्यानं मार्गारेट ग्रॅहमशी लग्न केलं. ती मेन्टीथ परगण्याची वारसदार, आणि डून त्याच परगण्यात. म्हणजे ही जागा बायकोकडून आलेली. थोरला भाऊ जॉन 1390 साली गादीवर बसला. ‘जॉन’ हे नाव स्कॉटलंडच्या राजांना लाभत नाही अशी समजूत असल्यामुळे त्यानं गादीवर बसताना नाव बदलून रॉबर्टच घेतलं आणि तो तिसरा रॉबर्ट झाला. नाव बदलून नशीब काही बदललं नाही. दोन वर्षं आधी, 1388 मध्ये, घोड्यानं लाथ मारून तो लंगडा झाला होता. तेव्हाच कारभार धाकट्याच्या हातात गेला होता. 1398 साली धाकट्याला ‘ड्यूक ऑफ ऑल्बनी’ हा किताब मिळाला आणि इतिहासात तो ऑल्बनी म्हणूनच राहिला.

थोरल्या भावाला दोन मुलगे होते. मोठा डेव्हिड, उमदा आणि उतावळा, हा पुतण्या 1402 साली फॉकलंडच्या राजवाड्यात काकाच्या कैदेत असताना मेला. उपासमारीनं मारला असं लोक म्हणाले. दरबारानं चौकशी केली आणि मृत्यू ईश्वरी इच्छेनं झाला असा निर्वाळा दिला. ज्या काकावर संशय, त्याच काकाच्या वजनाखाली दरबार बसलेला; निकाल दुसरा काय लागणार? धाकटा जेम्स अकरा-बारा वर्षांचा. बापानं घाबरून 1406 साली त्याला जहाजात घालून फ्रान्सला धाडलं. वाटेत समुद्रात तो चाच्यांच्या हाती लागला आणि तिथून इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात गेला. बातमी कळल्यावर काही आठवड्यांतच म्हातारा राजा गेला. आता राजा परमुलखात कैदी, आणि देशात गव्हर्नर ऑल्बनी.

जेम्स अठरा वर्षं कैदेत राहिला. ऑल्बनीचा स्वतःचा मुलगा मर्डॉक हाही 1402 च्या लढाईत इंग्रजांच्या हाती सापडलेला होता. तो 1416 मध्ये सुटून आला. पुतण्या मात्र आला नाही. मुत्सद्देगिरीत किती अडचणी असतात, खंडणी किती जड असते, हे सगळं मान्य करूनही मला या दोन तारखा शेजारीशेजारी ठेवल्यावर त्या माणसाबद्दल वेगळं पुस्तक वाचावं लागत नाही. ऑल्बनी 1420 साली, ऐंशीच्या घरात, बिछान्यात मेला. कर्ज मुलानं फेडलं. जेम्स 1424 मध्ये परत आला आणि पुढच्याच मे महिन्यात त्यानं मर्डॉकचा, त्याच्या दोन मुलांचा आणि म्हाताऱ्या सासऱ्याचा स्टर्लिंगच्या टेकडीवर शिरच्छेद करवला. त्या टेकडीवरून मर्डॉकला लांबवर डूनचे बुरूज दिसत होते असं सांगतात. किल्ला सरकारजमा झाला.

आता किल्ल्यात जाऊ. आपले किल्ले डोंगराला धरून वर चढतात. हा तसा नाही. हा एका चौकाभोवती बांधलेला भक्कम वाडा आहे. दोन मीटर जाडीची, सुमारे बारा मीटर उंचीची भिंत चौक वेढून उभी, आणि गावाच्या बाजूला सगळ्या इमारती एका रांगेत. महादरवाजा सुमारे तीस मीटर उंचीच्या बुरुजाच्या पोटातून जातो. आत शिरताना गोटे बसवलेली चढाची वाट, वर दगडी कमान, दोन्ही बाजूंना पहाऱ्याच्या आणि साठवणीच्या खोल्या. अंधार पटकन डोळ्यांत भरतो. त्याच वाटेच्या बरोबर वर मालकाचा दिवाणखाना. तिथे खिडकीच्या कोनाड्यात जमिनीला एक भोक आहे. वाकून पाहिलं तर खालची वाट दिसते. दारात आलेल्या शत्रूच्या डोक्यावर इथून दगड टाकायचे. आपल्याच दिवाणखान्यात, आपल्या पायाशी असं भोक ठेवून घर बांधणारा माणूस कुठल्या काळजीत झोपत असेल, याचा विचार मी तिथे बराच वेळ केला.

या मालकाच्या बुरुजाला चौकातून स्वतंत्र जिना आहे. शेजारीच मोठा दरबारी दिवाणखाना: वीस मीटर लांब, आठ मीटर रुंद, वर छपरापर्यंत बारा मीटर मोकळा. तिथे शिपाईप्यादे, पाहुणे, कुळं, आश्रित जेवायचे. भाडोत्री शिपाई आपल्यावरच उलटतील या भीतीनं ऑल्बनीनं स्वतःचा बुरूज असा तोडून वेगळा ठेवला, असं पूर्वीचे अभ्यासक म्हणत. हल्ली ते मत तितकं कोणी धरत नाही. मोठ्या माणसाला आपल्या खोलीचं दार लावून बसायचं असतं, एवढंही कारण पुरेसं आहे.

दिवाणखान्याच्या पलीकडच्या टोकाला मुदपाकखाना. या किल्ल्यात मला एकच खोली बघायला दिली तर मी हीच मागेन. चूल म्हणून जी आहे ती साडेपाच मीटर रुंदीची कमान. आख्खी बैलगाडी बैलांसकट आत उभी राहील. कमान इतकी सपाट की एवढा भार ती कशी पेलते हे बघत राहावं. भिंतीत वाढप्यांसाठी कमानदार खिडक्या आहेत, त्यांतून ताटं पलीकडच्या खोलीत सरकवायची आणि तिथून दिवाणखान्यात न्यायची. आपल्या मंगल कार्यालयात स्वयंपाकघर आणि पंगत यांच्यामधे जी खिडकी असते, ती डोळ्यांसमोर आणा. व्यवस्था तीच आहे आणि बहुधा आरडाओरडाही तोच असणार. या खोलीच्या वर पाहुण्यांच्या खोल्या. स्कॉटलंडची मेरी राणी इथेच उतरायची असं सांगितलं जातं. खरं असेल, वर राहणाऱ्याला खालच्या चुलीची ऊब फुकट मिळायची, आणि स्कॉटलंडच्या जानेवारीत ही ऊब कुठल्याही राजचिन्हापेक्षा मोलाची.

चौकात सुमारे अठरा मीटर खोल विहीर आहे. आणि दक्षिणेच्या भिंतीत चार टोकदार, मोठ्या खिडक्या. त्यांच्या मागे खोली नाही. चौकात उभं राहून बघितलं की खिडकीतून सरळ आभाळ दिसतं. ऑल्बनीला त्या बाजूलाही इमारती बांधायच्या होत्या, बहुधा प्रार्थनामंदिरही. भिंत उभी राहिली, तिच्यात खिडक्या ठेवल्या गेल्या, आणि पुढचं काम झालंच नाही. पैसे संपले, आयुष्य संपलं की दुसरं काही, ठाऊक नाही. पण मला हा अपुरेपणाच आवडतो. पूर्ण झालेली वास्तू आपल्याला पाहिजे ते दाखवते. अपुरी वास्तू मालकाच्या मनात काय होतं ते दाखवते.

मालक गेल्यावर किल्ला विधवा राण्यांकडे गेला. आपल्याकडे राजघराण्यातल्या बायकांना चोळीबांगडीसाठी गावं लावून देत, त्यातलाच हा प्रकार. गेल्डर्सची मेरी, डेन्मार्कची मार्गारेट, आणि मग इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची बहीण मार्गारेट ट्यूडर, या तिघींच्या नावे डून लागलेलं होतं. मार्गारेट ट्यूडरचा नवरा, चौथा जेम्स, 1513 साली फ्लॉडनच्या लढाईत तिच्याच माहेरच्या फौजेकडून मारला गेला. ती पुढे आणखी दोनदा लग्नाची झाली. तिसऱ्या नवऱ्याचा भाऊ 1528 मध्ये डूनचा किल्लेदार नेमला गेला आणि त्याच्या वंशजांकडे किल्ला जवळपास साडेचारशे वर्षं राहिला. राणीच्या तिसऱ्या लग्नानं एका दिराचं इतकं भलं झालेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

या राणीच्या पदरी रॉबर्ट स्पिटल नावाचा शिंपी होता. गावाबाहेर टीथ नदीवर आजही रहदारीचा जो दगडी पूल आहे, तो त्यानं 1535 साली बांधवला. कारण असं सांगतात की एकदा तो होडीनं पलीकडे जायला आला, पण पैशाचा बटवा घरी राहिला होता. नावाड्यानं उधारी नाकारली. शिंप्यानं मनात ठेवलं आणि नावाड्याच्या पोटावर कायमचा पाय देणारा पूल उभा केला. खरी असो नसो, गोष्ट माणसाच्या स्वभावाला धरून आहे. पुलाच्या कठड्यावरच्या दगडात साल कोरलेलं आहे आणि आपण राणीचे शिंपी आहोत हेही त्यानं आठवणीनं कोरवलं आहे. स्टर्लिंगमध्ये त्यानं गोरगरिबांसाठी आश्रमही काढला. तिथे त्याची खूण म्हणून दगडात कात्री कोरलेली दिसते. सरदार लोक सिंह आणि गरुड कोरून घेतात. यानं कात्री घेतली. या गावात ज्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं अशी माणसं थोडी, त्यात हा पहिला.

किल्लेदाराच्या नातवाची गोष्ट वेगळी. तो लग्नामुळे मरेचा अर्ल झाला, देखणा होता, आणि हंटलीच्या अर्लशी त्याचं पिढीजात वैर होतं. फेब्रुवारी 1592 मध्ये हंटलीच्या माणसांनी फाइफमधल्या डोनिब्रिसलच्या घराला आग लावली आणि पळणाऱ्या मरेला समुद्रकिनाऱ्यावर गाठून मारला. त्याच्या आईनं मुलाच्या प्रेताचं, प्रत्येक जखम दाखवणारं चित्र काढून घेतलं, न्याय मागण्यासाठी. न्याय मिळाला नाही. राहिला तो पोवाडा. त्यात त्याची बायको डूनच्या किल्ल्यावरून वाट बघत बसलेली आहे. प्रत्यक्षात ती बिचारी काही महिने आधीच वारली होती. पण शाहिराला वाट बघणारी बायको लागते, ती नसेल तर उभी करावी लागते.

याच पोवाड्यातून इंग्रजीला एक शब्द मिळाला. मारेकऱ्यांनी मरेला मारून हिरवळीवर निजवलं, या अर्थाची ‘लेड हिम ऑन द ग्रीन’ ही ओळ सिल्व्हिया राइट नावाच्या अमेरिकी लेखिकेनं लहानपणी आईच्या तोंडून ऐकली आणि तिला वाटलं, त्याच्याबरोबर लेडी मॉन्डेग्रीन नावाच्या कुणी बाईलाही मारलं. कितीतरी वर्षं ती या न झालेल्या बाईसाठी हळहळत होती. 1954 साली तिनं यावर लेख लिहिला, आणि चुकीच्या ऐकलेल्या गाण्याच्या शब्दांना तेव्हापासून ‘मॉन्डेग्रीन’ म्हणतात. आरती म्हणताना ‘संकटी पावावे’च्या ऐवजी ‘संकष्टी पावावे’ म्हणत मोठे झालेले आपण सगळे या लेडीचे भाऊबंद.

डूनची पिस्तुलंही नावाजलेली. त्यांच्याकडे यायचं तर बाजारपेठेत परत यावं लागतं. 1646 साली थॉमस कॅडेल नावाचा लोहार म्युथिलहून डूनला आला. गाव मोक्याचं होतं. डोंगराळ मुलखातून गुरांचे कळप हाकत दक्षिणेच्या बाजारांकडे जाणारे गुराखी इथून जायचे. रोख पैसे घेऊन परतणाऱ्या माणसाला हत्यार लागतं. कॅडेलनं त्यांना पिस्तूल करून दिलं आणि पुढे पाच पिढ्या त्याच्या घराण्यानं तेच केलं. हे पिस्तूल हातात घेतल्याशिवाय कळत नाही, आणि हातात कोणी घेऊ देत नाही, तेव्हा काचेपलीकडून बघावं. लाकूड कुठेच नाही, मूठसुद्धा धातूची. मुठीचं टोक मेंढ्याच्या शिंगांसारखं दोन बाजूंना वळवलेलं. त्या दोन शिंगांच्या मधे एक छोटं बोंड असतं. ते फिरवून ओढलं की बारीक दाभण बाहेर येतं, बत्तीचं भोक साफ करायला. चापाभोवती कडं नाही. चाप म्हणजे नुसता गोल मणी. अंगभर वेलबुट्टी, कधी चांदीचं जडावकाम. गुराख्यांसाठी सुरू झालेली वस्तू पुढे ड्यूक आणि राजपुत्र विकत घेऊ लागले.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी डूनच्या पिस्तुलातून सुटली, असं गावात अभिमानानं सांगतात. 19 एप्रिल 1775 ला लेक्सिंग्टनमध्ये पहिली गोळी कोणी झाडली हे आजवर ठरलेलं नाही, तेव्हा या दाव्याला मी मान डोलावतो आणि पुढे जातो. खरं एवढंच की ब्रिटिश फौजेतल्या मेजर पिटकेर्नची म्हणून ओळखली जाणारी पिस्तुलांची जोडी डूनच्या जॉन मर्डॉकनं घडवलेली आहे आणि ती आज लेक्सिंग्टनमध्येच ठेवलेली आहे. अठरावं शतक संपता संपता हा धंदा बसला. चार्ल्स स्ट्युअर्टनं गादीसाठी केलेल्या 1745 च्या बंडानंतर डोंगराळ लोकांकडची हत्यारं सरकारनं काढून घेतली, आणि कारखान्यांत पिस्तुलं स्वस्त निघू लागली.

त्या बंडातही डूनचा वाटा आहे, पण तुरुंग म्हणून. चार्ल्स स्ट्युअर्टच्या बंडखोर फौजेनं जानेवारी 1746 मध्ये फॉलकर्कची लढाई जिंकली आणि पकडलेले काही सरकारपक्षाचे स्वयंसेवक डूनच्या किल्ल्यात, वरच्या खोलीत कोंडले. त्यात जॉन होम होता, पुढे नाटककार म्हणून गाजलेला. पांघरुणं एकमेकांना बांधून दोर केला आणि एका रात्री हे लोक एकेक करून खाली उतरले. शेवटी शेवटी दोर तुटला, माणसं जबर जखमी झाली. जॉन विदरस्पून नावाचा धर्मोपदेशक मागेच राहिला. तीस वर्षांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या तेव्हा त्या सगळ्यांत धर्मोपदेशक एकच होता, हा. सर वॉल्टर स्कॉटनं 1814 च्या ‘वेव्हर्ली’ कादंबरीत आपल्या नायकालाही या किल्ल्यात कैद करून ठेवलं आहे. तोवर किल्ल्याचं छप्पर गेलेलं होतं.

किल्ल्यावर इतकं लिहून झाल्यावर नदीपलीकडे जायला हवं, कारण तिथे आपल्या घरचा धागा आहे. पलीकडच्या डीनस्टन वस्तीत 1785 साली टीथच्या पाण्यावर चालणारी कापसाची गिरणी सुरू झाली. 1808 मध्ये ती ग्लासगोच्या जेम्स फिनले कंपनीनं घेतली. हे नाव वाचून लालबाग-परळचा जुना माणूस थबकेल. होय, तीच फिनले. तिचा मालक कर्कमन फिनले ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध भांडणाऱ्यांत पुढे होता. 1813 साली हिंदुस्थानच्या व्यापारातली ती मक्तेदारी मोडली आणि 1816 मध्ये त्यानं क्लाइड नदीतून थेट मुंबईला जहाज धाडलं. पुढे याच कंपनीचं नाव गिरणगावातल्या फिनले मिलला लागलं. विदर्भात अचलपूरच्या गिरणीवर ते नाव दिसतं, तेही मुंबईमार्गेच आलेलं.

डीनस्टनला मी गेलो तो या एका नावासाठी. व्यवस्थापक जेम्स स्मिथ हा हुन्नरी माणूस होता. जमिनीतला पाणथळपणा काढून टाकायची त्याची पद्धत शेतकऱ्यांत पार दूरवर पोचली. त्याच्या काळात गिरणीला जी पाणचक्की होती तिला ‘हर्क्युलिस’ म्हणत, व्यास सुमारे अकरा मीटर. नाण्यांची टंचाई असताना गिरणीनं परदेशी चांदीच्या नाण्यांवर आपला शिक्का मारून कामगारांना पगार दिला. आणि 1836 साली बांधलेलं साळखातं. साळखात्यात हवा दमट लागते, नाहीतर सूत तुटतं, हे मुंबईच्या कुठल्याही विणकऱ्याला ठाऊक. मुंबईत समुद्र आहे. इथे त्यांनी दगडी घुमटांचं छप्पर केलं आणि वरून माती पसरली, म्हणजे आत गारवा आणि ओल टिकून राहील.

गिरणी 1965 साली बंद झाली. मुंबईतल्या बंद गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते आपण बघतोच आहोत. डीनस्टनला गिरणीची व्हिस्कीची भट्टी झाली. टीथचं तेच पाणी आता दारूत जातं आणि वीजही तयार करतं. ज्या साळखात्यात माग खडखडत होते तिथे आता ओकची पिंपं ओळीनं झोपलेली आहेत, कारण दारू मुरायलाही तोच गारवा आणि तीच ओल लागते. मी तिथे उभा असताना कमालीची शांतता होती आणि हवेत गोडसर, आंबूस वास. गिरणीतून सुटलेल्या कामगारांपैकी काहींना भट्टीत काम मिळालं. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वाट्याला काय आलं, ते लिहायची ही जागा नव्हे. पण त्या पिंपांच्या रांगेत उभं राहून ते आठवलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

किल्ल्याकडे परत. 1883 ते 1886 या काळात चौदाव्या मरे अर्लनं छपरं घातली, दिवाणखान्यांना लाकूडकाम केलं. 1984 मध्ये किल्ला सरकारच्या देखभालीखाली आला. या दोन्हींच्या मधे 1974 साली एक टवाळ टोळी इथे आली. मॉन्टी पायथन हे इंग्रजी विनोदी नटमंडळ आर्थर राजाच्या कथेची टर उडवणारा ‘होली ग्रेल’ हा सिनेमा करत होतं. सरकारी किल्ल्यांची परवानगी ऐन वेळी नाकारली गेली. डून तेव्हा खासगी मालकीचं, म्हणून वाचलं. मग बिचाऱ्या डूननंच सिनेमातले जवळपास सगळे किल्ले साकारले. कॅमेरा एका बाजूनं लावला की एक किल्ला, दुसऱ्या बाजूनं लावला की दुसरा. पैसे इतके तुटपुंजे की लेड झेपेलिन आणि पिंक फ्लॉइडसारख्या गाण्याच्या मंडळींनी गुंतवणूक केली. घोडे परवडत नव्हते. म्हणून राजा नुसता चालत दुडक्या चालीनं येतो आणि मागून नोकर नारळाच्या करवंट्या एकमेकींवर आपटून टापांचा आवाज काढतो. मग तटावरचा पहारेकरी विचारतो की या थंड मुलखात नारळ आला कुठून, आणि वाद पेटतो. तो तट हाच.

पुढे ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या पहिल्या चाचणी भागात डून विंटरफेल झालं, ‘आउटलँडर’ मालिकेत लियोक नावाचा किल्ला झालं. हल्ली येणाऱ्यांत अर्धी गर्दी त्या मालिकेच्या भक्तांची. ऑल्बनीचं नावही न ऐकलेली माणसं मुदपाकखान्यात उभी राहून मालिकेतल्या नायिकेबद्दल बोलताना ऐकली आणि आधी मला राग आला. नंतर वाटलं, ज्यानं दुसऱ्याच्या नावावर राज्य केलं त्याच्या घरानं दुसऱ्यांच्या नावानं उभं राहावं यात काही विजोड नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. गावाच्या वरच्या अंगाला आरगॅटी नावाचं शेत आहे, तिथे दुपारी लाल घारींना खाणं घालतात. एकोणिसाव्या शतकात शिकाऱ्यांनी ही घार स्कॉटलंडमधून संपवली होती, ती परत आणून सोडलेली. डझनावारी घारी डोक्यावर गिरक्या घेतात, शेपूट सुकाणूसारखं वळवत. आणि किल्ल्यात आवाजी मार्गदर्शिका घ्याच. ती टेरी जोन्सच्या आवाजात आहे, त्या सिनेमाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक. तो 2020 साली वारला. इतिहास सांगता सांगता मधेच तो सिनेमातलं काहीबाही बोलतो.

तिकीटखिडकीवर करवंट्यांची जोडी मागितली की मिळते, चौकात टापा वाजवत फिरायला. मी घेतली. आतून खरवडून गुळगुळीत केलेली, बरोबर मधोमध करवतीनं कापलेली, कडा काचेसारख्या सपाट. वाजवल्यावर खरंच टापांचा आवाज आला. परत देताना काउंटरवरच्या बाईंनी मी कुठला ते विचारलं, आणि तुमच्याकडे नारळ कसा फोडतात तेही. मी हातवारे करून दगडावर आपटून दाखवला.

“पण मग दोन्ही भाग सारखे कसे होतात?”

“होत नाहीत,” मी म्हणालो.